गोलेनूरनं नाव घेतलं

गोलेनूरच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि सतरा वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. यात तिचं विशेष काही नाही, बांगलादेशातल्या जमुना नदीतल्या आमच्या कासियाबाडीच्या चरावर, म्हणजे वाळूच्या बेटावर, कुठलीच बाई उच्चारत नव्हती. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासवा सांगत. किती कमी होतं ते मात्र कुणी सांगत नसे. मी एकदा आमिरजान चाचीला, म्हणजे गोलेनूरच्या सासूला, विचारलं, "एका वेळेला एक दिवस जातो की अख्खं वर्ष?" तर ती म्हणाली, "तुझा नवरा कुठंय गं?" माझा नवरा ढाक्यात दुसरीबरोबर राहत होता आणि मी त्याचं नाव रोज घेत होते, शिव्यांसकट. तो अजून ठणठणीत आहे. चाचीला एवढा पुरावा पुरला नाही.

बरं, नाव टाळून भागत नाही. नावासारखा शब्दही तोंडातून जाता कामा नये. लाल मियाची बायको मिरच्यांना 'पिकल्या मिरच्या' म्हणायची. सोना मियाच्या बायकोच्या नाकात 'पिवळ्याची' चमकी होती. आणि मंगल शेखच्या घरी सोमवार झाला की 'त्याच्या नंतरचा दिवस' उजाडायचा, मग बुधवार.

मी चरावर नवीन होते, दोन महिने झाले होते येऊन. महिला समितीची वही घेऊन दारोदार हिंडायचं, कुणाला किती पोरं, कोण गोळ्या घेतं, कोण सुई, हे लिहायचं, दवाखान्याशी गाठ घालून द्यायची, हे माझं काम. लोक मला वहीवाली आपा म्हणत. माझ्या आईला नऊ झाली, पाच जगली. मला दोन. आता समितीत बसणाऱ्या नव्या सुना पहिलं झाल्याझाल्या विचारतात, आपा, दुसऱ्याला किती वर्षं थांबू? शहरातून साहेब येतात, तक्ते काढतात आणि म्हणतात, आकडा खाली आला. जसं काही पुराचं पाणी आपोआप उतरलं! अरे, तो बायकांनी गोळ्या गिळून, सुया टोचून घेऊन, तांबी बसवून खाली ओढलाय. माझ्या वहीत शेवटचा रकाना होता, 'पुरुषानं काय केलं?' पानंच्या पानं त्यात रेघा. मी रेघा ओढायची आणि माझं डोकं तापायचं.

त्या रकान्यात पहिलं अक्षर पडलं ते गोलेनूरमुळे. आणि तेही मी चुकीचं लिहिलं.

गोलेनूर बुटकी, काटक बाई. चौदाव्या वर्षी लग्न होऊन चरावर आली. तेव्हापासून नदीनं तीनदा तिचं घर खाल्लं. तिन्ही वेळा तिनं छपराचे पत्रे सोडवून होडीत घातले, पोरांना पत्र्यांवर बसवलं, स्वतः वल्हं मारलं आणि पुढच्या वाळूवर पुन्हा चूल मांडली. मिरची अशी पिकवायची की बाजारघाटावरचे व्यापारी तिची रास वेगळी ठेवत. पोरं चार, थोरली लिपी. म्हणून सगळा चर तिला लिपीची आई म्हणायचा. नवरासुद्धा. आणि ती नवऱ्याला 'लिपीचा बाप' म्हणायची, तेही पदराआडून.

नवरा होडीवर. चर ते बाजारघाट, दिवसाला आठ-दहा खेपा. त्याला लहानथोर सगळे नावाडी म्हणत, मीही नावाडीभाई म्हणायची. त्या माणसाला काही नाव असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चौथ्या बाळंतपणात गोलेनूरचं मूल आडवं आलं. नावाड्यानं तिला होडीत घातलं आणि पलीकडे दवाखान्यात नेलं. होडीच्या फळ्यांवरचं रक्त तो नंतर दोन दिवस घासत होता. मूल जगलं, ती जगली. डॉक्टरीणबाईनं त्याला बाहेर बोलावून सांगितलं, "पाचवं राहिलं तर बाई हाती लागणार नाही." मग सुरू झाले उपाय. गोळ्यांनी गोलेनूरला चक्कर यायची. एकदा मिरचीच्या वाफ्यातच आडवी झाली. सुई घेतली तर महिना महिना अंगावरून जायचं. नमाज नाही, रोजा नाही, वर सासूची चौकशी, "आज पण नाही का गं?" तांबी तुला चालणार नाही, असं डॉक्टरीणबाईच म्हणाली. रोज संध्याकाळी नवरा घरी आला की ही चुलीपुढून उठायचंच टाळायची. तिनंच मला सांगितलं, "माणूस वाईट नाही हो आपा. माणूस चांगलाय, म्हणून तर भीती."

फाल्गुनातली गोष्ट. मला पैलतीराला सोडताना नावाडी पाण्याकडे बघत म्हणाला, "आपा, बाईच्या अंगावर सगळे प्रयोग करून झाले. माझ्या अंगावर करण्यासारखं काहीच नाही का?"

वही माझ्या मांडीवरून पाण्यात जाता जाता राहिली.

"आहे की! नसबंदी. दहा मिनिटांचं काम. टाकासुद्धा पडत नाही."

"दुखतं?"

"बाळंतपणाइतकं?"

"नाही हो, विचारलं आपलं." त्यानं चार वेळा वल्हं मारलं. "माझं नाव लिहा. लिपीची आई येऊन देईल, मला वहीसमोर बसायला लाज वाटते. आणि आपा, होऊन जाईपर्यंत कुणाला कळू देऊ नका. लोक होडीत बसायचे सोडून माझी टर उडवतील."

"जीभ कापली तरी सांगणार नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गोलेनूर मिरच्या निवडायचं निमित्त करून माझ्या अंगणात आली. मी वही उघडली.

"नवऱ्याचं नाव?"

"आता आपा, तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"नावाडी म्हणून लिहू? डॉक्टर विचारेल, कुठला नावाडी, जमुनेत हजार आहेत."

तिनं तोंडात पदर धरला. कान लाल झाले. "रात्रीचं असतं. वर. चमकतं."

या कामात माझा हात कुणी धरू शकत नव्हता. तीन गावांतल्या बायकांचे असले उखाणे मी चुटकीसरशी सोडवले होते. 'राजाच्याही वरचा' म्हणजे बादशा, 'जो मागे हटत नाही' म्हणजे बहादुर.

"आणि दुसरं म्हणजे," ती हसायला लागली, "पोरं त्याला—"

"कळलं, कळलं! एवढं काय त्यात." मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, तारा मिया. तिनं समितीत शिकलेली सही खाली केली. वाचता तिला अजून येत नव्हतं. मी वाचून दाखवलं नाही. घाई होती, आणि हुशारीही फार होती.

नावाड्याचं नाव होतं चांद मिया.

आता चरावर तारा मिया नव्हताच असं नाही. होता. त्याला सगळे मातबर म्हणत, म्हणून मला तेही नाव ठाऊक नव्हतं. वय साठीच्या पुढं, दाढीला मेंदी, चरावरची भांडणं मिटवायचा मान त्याचा. पहिली बायको गेल्यावर आठ महिन्यांपूर्वी त्यानं हाजेरा नावाची तिशीतली विधवा लग्न करून आणली होती आणि आता आपल्याला मुलगा होणार, असं चहाच्या टपरीवर आत्तापासूनच सांगत होता.

शिबिराची चिठ्ठी चौकीदारानं त्याच्या हातात नेऊन दिली. मातबरला वाचता येत नाही. त्यानं हातपंपासाठी अर्ज केला होता, त्याला वाटलं पंप मंजूर झाला. टपरी भरलेली. शाळेचे मास्तर कुरमुरे खात बसले होते. मातबरनं चिठ्ठी त्यांच्यापुढं टाकली.

"मास्तर, मोठ्यानं वाचा. सगळ्यांना कळू दे."

मास्तरांनी चष्मा लावला. "श्री. तारा मिया, चर कासियाबाडी. येत्या बुधवारी सकाळी आठ वाजता..." आणि थांबले.

"वाचा की! लाजताय काय?"

"मातबर, घरी वाचू या का?"

"इथंच वाचा! लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

मास्तर सरळ माणूस. त्यांनी वाचलं. "...पुरुष नसबंदीच्या शिबिरास हजर राहावे. अंघोळ करून, खालचे केस काढून, सैल लुंगी नेसून यावे. सोबत पत्नी आल्यास हरकत नाही."

मी तेव्हा शेजारच्या चरावर होते, पण हसण्याचा आवाज म्हणे घाटापर्यंत गेला. चहावाल्याच्या हातातली किटली निखाऱ्यांवर सांडली. लाल मिया म्हणाला, "मातबर, पाणी तर बंदच झालं की!" त्यावर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, लाल मियाची लुंगी मात्र फाटली.

दुसऱ्या दिवशी सालिश, म्हणजे गावची पंचायत, बसली. मातबरच्या भांडणात न्याय द्यायला मातबर चालेना, म्हणून मशिदीच्या हुजूरांना, म्हणजे इमामांना, बसवलं. शाळेच्या पत्र्याच्या शेडपुढं पुरुष, तागाच्या काटक्यांच्या कुडाआड बायका, मध्ये मी उभी. मातबरचं मागणं एकच, या वहीवालीनं माझी अब्रू घेतली, हिनं परत चरावर पाय ठेवायचा नाही आणि चरावरून कुणीही शिबिराला जायचं नाही.

म्हणजे गोलेनूरचं काम बोंबललं. पुढचं शिबिर पूर ओसरल्यावर, आश्विनात. मधले सहा महिने, त्यात कधीही काहीही राहू शकत होतं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "नाव लिहिताना घोळ झाला."

"कुणाच्या नावाऐवजी माझं लिहिलंस? ते सांग."

"ते नाही सांगणार."

"बघा हुजूर! दुसरं कुणी नाहीच. मुद्दाम केलंय हिनं!"

"मुद्दाम करायचं असतं तर मी तुमच्या दाढीवर लिहिलं असतं," मी म्हटलं. आता हे बोलायला नको होतं. पण बोलले. पुरुषांत गलका झाला. हुजूर दोन्ही हात वर करून बसा बसा म्हणत होते. मी मागे पाहिलं, नावाडी अगदी कडेला, पाण्याजवळ उभा होता आणि स्वतःच्या पायांकडे बघत होता. तो बोलेल असं मला वाटेना.

"हुजूर," कुडाआडून आवाज आला, "नाव मी दिलं होतं."

गोलेनूर. तिच्या शेजारी आमिरजान चाचीनं तिला चिमटा काढलेला मला स्पष्ट ऐकू आला.

"तू?" मातबर ओरडला. "परक्या बाईनं माझं नाव दिलं?"

"तुमचं कशाला देईन? मला काय दुसरा धंदा नाही? माझ्या घरच्याचं दिलं. आपाला उलटं कळलं."

पुरुषांच्या माना वळल्या. नावाडी आता पाण्यात उतरतो की काय असा उभा.

"तू काय सांगितलं होतंस, ते सांग," हुजूर म्हणाले.

"मी सांगितलं, रात्रीचं असतं, वर चमकतं. आणि पुढचं सांगत होते, तर आपा म्हणाल्या कळलं."

"पुढचं काय?"

कुडाआडून आधी बांगड्या वाजल्या. मग बारीक आवाजात, "पोरं त्याला मामा म्हणतात."

एक क्षण कुणाला उमजेना. मग मास्तर खुर्चीतून पुढं वाकले आणि अख्खी सालिश फुटली. सख्ख्या नवऱ्याला पोरांचा मामा करून बसलेली ही एकटीच बाई! हुजूर दाढीत तोंड लपवून हसत होते. फक्त मातबर हसला नाही.

"उखाण्यानं काय सिद्ध होतं? आता हिला पढवून आणलंय. खरं असेल तर नाव घेऊन सांगू दे. नवऱ्याचं नाव घे आणि सांग, त्याला पाठवत होते."

"नाही!" आमिरजान चाची कुडाआडून किंचाळली. "माझ्या पोराचं आयुष्य तोडायला निघाली काय ही?"

हुजूर गंभीर झाले. "चाची, किताबात असं कुठंही नाही. नाव घ्यायला मनाई नाही. हे आपल्या म्हाताऱ्यांचं आहे."

"म्हातारी मीच आहे!" चाची म्हणाली.

तिथं गोलेनूरचं काय होत होतं ते आम्हा बायकांनाच कळलं. हुजूर काहीही म्हणोत, तिच्या मनातून भीती गेली नव्हती. नाव घेतलं तर नवऱ्याला काही होईल, नाही घेतलं तर तिला. ती कुडाबाहेर आली. एवढ्या पुरुषांपुढं ती कधी उभी राहिली नव्हती. कडेला बघून म्हणाली, "लिपीचे बाप, मी घेऊ का?"

आता सगळं नावाड्यावर आलं. हो म्हणावं तर चरभर बोभाटा. त्यानं खांद्यावरचा गमछा काढला, तोंड पुसलं, परत खांद्यावर टाकला.

"घे," तो म्हणाला. "आणि मातबर, चिठ्ठी माझी आहे. बुधवारी मीच जाणार आहे. बायको मेली तर चार पोरं मी होडीत घेऊन हिंडू काय?" मग तिच्याकडे बघून, "घे गं. सतरा वर्षं झाली, मला पण ऐकू दे."

गोलेनूरनं डोळे गच्च मिटले. "चांद मिया."

आकाश कोसळलं नाही. कुणाची तरी शेळी ओरडली.

"मला नाही ऐकू आलं," पाण्याकडून आवाज आला. नावाड्याचा चेहरा असा की पोराला ईदचा सदरा मिळालाय.

"चांद मिया! चांद मिया! चांद मिया!" ती खेकसली. "झालं? का घाटावर जाऊन ओरडू?"

बायका कुडाआड एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. लाल मियाला तरी गप्प बसवेना. "नावाडीभाई, बुधवारनंतर होडी चालेल ना?"

"वल्हं शाबूत राहतं," चांद मिया म्हणाला. "नसेल विश्वास तर तू पोहून जा."

हुजूरांनी निवाडा दिला, वहीवाली येईल, पण लिहिलेलं नाव बाईला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय पान उलटायचं नाही. मला हा निवाडा झोंबला. पण बरोबर होता, आणि आजवर मी तो पाळते.

त्याच दुपारी हाजेरा, मातबरची नवी बायको, माझ्या अंगणात आली. इकडे तिकडे बघून बसली. "मला गोळ्या लिहा आपा. पहिल्या घरची तीन आहेत मला, माहेरी ठेवलीत, आधी त्यांना आणायचंय. नवऱ्याचं नाव लिहा, तारा मिया. नीट लिहा. आणि एवढं करा, चिठ्ठी पाठवू नका."

मी तिला दोनदा वाचून दाखवलं.

बुधवारी आम्ही तिघं पलीकडे दवाखान्यात गेलो. चांद मिया आत गेला, गोलेनूर बाकावर बसून ओठ हलवत दुवा म्हणत होती. वीस मिनिटांत तो बाहेर आला, पाय फाकवत, अंगावर दवाखान्यानं दिलेली नवी चौकड्याची लुंगी. डॉक्टरीणबाईनं बजावलं, सात दिवस वल्ह्याला हात लावायचा नाही, आणि तीन महिने कंडोम वापरायचेच, लगेच गुण येत नाही. पाकिटं गोलेनूरच्या हातात दिली. "पोरांच्या हाती लागू देऊ नका, फुगे करतात."

घाटावर आलो तर प्रश्न, होडी कोण नेणार? चांद मिया वल्ह्याकडे असा बघत होता जसं कुणी त्याचा हातच काढून घेतलाय. गोलेनूरनं पदर कमरेला खोचला आणि वल्हं उचललं. काठावर चरावर परतणारी माणसं थांबली होती, त्यात मातबर, डोक्यावर तांदळाचं पोतं.

"बाई चालवणार?" तो म्हणाला.

"बसायचं तर बसा," गोलेनूर म्हणाली. "दुसरी होडी आठ दिवसांनी आहे."

मातबरनं पोतं ठेवलं, आणि बसला. बाकीचेही बसले. पलीकडच्या काठावर आमिरजान चाची कपाळावर हात धरून उभी होती, पोराचे हातपाय लांबूनच मोजत असावी.

चांद मिया जन्मात पहिल्यांदा आपल्याच होडीत उतारू म्हणून बसला होता आणि त्याला चैन पडेना. "डावीकडं घे. उजवीकडं वाळू वर आलीय. अगं लिपीची आई, डावीकडं! तुला सांगतो, टेकेल—"

"गप बसा, चांद मिया."

मातबरला खोकल्याची उबळ आली. गोलेनूरनं होडी उजवीकडून काढली. वाळू लागली नाही.